रडीचा डाव

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीसमोर उभा राहून त्याच्या आठ वर्षांच्या मुलाकडून एक पत्ता परत मागितला. पत्ता म्हणजे खेळायचा. पोकेमॉनचा चारिझार्ड. सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्यानं तो माझ्या फाइलमधून काढून खाली नेला होता आणि पलटी खेळताना हरला होता. रीतसर हरला होता. कुणी फसवलं नव्हतं, कुणी हिसकावलं नव्हतं, आणि हे मला खाली पोचायच्या आधीच माहीत होतं, कारण जिना उतरता उतरता भाच्यानं सगळं खरं खरं सांगून टाकलं होतं. तरी मी गेलो. पायात चप्पल नव्हती, इतकी घाई.

पोरगा मीटरच्या खोलीबाहेरच्या पायरीवर बसून पत्ते मोजत होता. वडील खुर्चीतून उठले. "काय झालं साहेब?" मी मोठ्या माणसांचा तो गोड आवाज काढला आणि म्हणालो, "बाळा, त्यातला एक पत्ता चुकून खाली आला होता रे." चुकून! पोरानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. वडील म्हणाले, "दे रं, साहेबांचा हाय त्यो." त्यानं रबरबँड काढला, मधोमध ठेवलेला चारिझार्ड ओढला, शर्टाला पुसला आणि अंगठा थेट त्या ड्रॅगनच्या पोटावर दाबून माझ्यापुढे धरला. मी कडांनी धरून घेतला. मग तो म्हणाला, "मग माझे दोन?" भाच्यानं सकाळी त्याचे दोन पत्ते जिंकले होते, ते वर आमच्या घरात होते. वडिलांनी हात उगारला. मी म्हटलं, नको नको, बरोबर बोलतोय तो. पुन्हा तीन जिने चढलो, ते दोन पत्ते आणले. त्यातला एक सोनेरी चमकत्या प्लॅस्टिकचा पिकाचू होता, दहा रुपयांच्या पाकिटात मिळतो तसला, एचपी, म्हणजे ताकदीचा आकडा, ९९९९. हिशेब चुकता झाला. वर जाताना दुसऱ्या मजल्यावर भाचा थांबला आणि म्हणाला, "मामा, आता तो मला डाव देणार नाही."

दिला नाहीच.

त्या पत्त्याबद्दल थोडं सांगायला हवं. ज्या चारिझार्डसाठी जगभरची माणसं वेडी होतात तो १९९९ साली अमेरिकेत आलेल्या पहिल्या संचातला, १०२ पैकी चौथा. मित्सुहिरो आरिता यांनी काढलेलं चित्र, तोंडातून जाळ, पंख पसरलेले. माझ्याकडचा तो नव्हे. माझा २०१६ सालच्या 'एव्होल्यूशन्स' संचातला, ११/१०८, म्हणजे त्या जुन्या पत्त्याची कंपनीनंच काढलेली आठवण. न्यू जर्सीहून येणाऱ्या मित्राला सांगून मागवला होता. किंमत सांगत नाही. आई हे वाचते. आधी तो प्लॅस्टिकच्या पातळ स्लीव्हमध्ये, मग नऊ कप्प्यांच्या पानात, मग ते पान फाइलमध्ये, आणि फाइल कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. आमच्या घरात दागिन्यांनाही इतके पदर नाहीत. हा नाद ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको: पत्त्याला एक ते दहा अशी श्रेणी देणाऱ्या कंपन्या आहेत, त्या कोपरे बघतात, कडा बघतात, पृष्ठभाग बघतात, छपाई मधोमध बसली आहे का बघतात. कोपऱ्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की झालं. माझा कधी पाठवला नाही, पण मनातल्या मनात मी त्याला नऊ दिले होते. आता डावीकडच्या खालच्या कोपऱ्यावर पांढरं आलं आहे आणि पाठीच्या निळ्या भागावर सोसायटीच्या आवारातल्या सिमेंटची एक बारीक रेघ उमटली आहे.

गंमत म्हणजे तो पत्ता का हरला, याचं उत्तर मला भाच्याकडून मिळालं. पलटीत दोघांनी आपापले पत्ते पालथे एकावर एक रचायचे, आणि तळवा खोलगट करून शेजारी नाहीतर वरून फट्‌कन मारायचा. हवेनं जेवढे उलथे होतील तेवढे तुमचे. सरळ पत्ता जमिनीला चिकटून बसतो, त्याच्याखाली हवा शिरत नाही. पण चमकीचे पत्ते दमट हवेत वाकतात. चमकीचा पदर आणि कागद वेगवेगळे ताणतात, आणि पुण्याच्या दोन पावसाळ्यांत माझा चारिझार्ड सिलिका जेलला न जुमानता होडीसारखा झाला होता. त्या वाकाचा मी इतके दिवस दोष म्हणून धसका घेतला होता. त्या पोरानं पत्ता जमिनीवर ठेवल्याबरोबर म्हणे बोटानं एकदा दाबून पाहिला, तो डोलला, आणि मग त्यानं भाच्याला विचारलं, "हा लावतो का?" म्हणजे माझ्या त्या पत्त्याकडे पहिल्यांदाच कुणीतरी खेळणारा म्हणून पाहिलं, आणि पाहणाऱ्याला तो बरोबर कळला.

आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहायचो. २००३-०४ च्या सुमारास टीव्हीवर पोकेमॉन हिंदीत बोलायला लागले आणि चिप्सच्या पाकिटातून टॅझो निघायला लागले. गोल, प्लॅस्टिकचे, कडेला खाचा. पाकीट फोडल्यावर पहिला हात मसाल्यात बरबटून टॅझोपर्यंत पोचायचा, चिप्स नंतर. त्या मसाल्याचा वास टॅझोला महिनाभर यायचा आणि चाटला तर खारट लागायचा (चाटला आहे). आमच्या ओट्यावर रोज चारनंतर डाव बसायचा आणि सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारला जायचा, जो गोट्यांच्या काळापासून विचारला जात असणार: खऱ्याखऱ्याचं की खोट्याखोट्याचं? खोट्याखोट्याचं म्हणजे डाव संपला की ज्याचे त्याला परत. खऱ्याखऱ्याचं म्हणजे गेलं ते गेलं. आमच्यातला जो सर्वांत भित्रा, तोसुद्धा खोट्याखोट्याचं म्हणायला लाजायचा. पैलवानांच्या ट्रम्प कार्डांचं वेगळं होतं. तो पूर्ण संच एकाच्या मालकीचा, त्यामुळे उंची, वजन, छाती, दंड अशी मारामारी करून जिंकलेली सगळी पानं शेवटी मालकाच्या डबीत परत जायची. तिथं हरण्याची भीती नव्हती, म्हणून अभ्यास बुडवून कुणी ट्रम्प कार्ड खेळत नव्हतं. टॅझोसाठी बुडवायचे.

आमच्यात एक मुलगा होता. नाव राहू द्या. एका संध्याकाळी तो त्याचे सगळेच्या सगळे टॅझो हरला, तीसेक असतील. त्यातले दहा-बारा माझ्याकडे आले. दुसऱ्या दिवशी त्याची आई ओट्यावर आली. हातात स्टीलचा डबा. "बाळांनो, त्याचे तेवढे देऊन टाका, रात्रभर जेवला नाही तो." आम्ही निमूट डब्यात टाकले, मोठ्या माणसाला नाही म्हणायचं कसं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची पाठ वळली आणि मागच्या मागे कुणीतरी सुरू केलं, रडीचा डाव खडी, रडीचा डाव खडी. मग सगळ्यांनीच. मीही, आणि जोरात. तो मुलगा पुढची सुट्टी संपेपर्यंत ओट्यावर आला नाही. त्याला आईनं मागायला जायला नको होतं, हे आम्हाला तेव्हा कळत होतं तितकंच त्यालाही कळत असणार. त्यानं तिला थांबवलं नाही की थांबवता आलं नाही, हे मला या मे महिन्यापर्यंत कधी सुचलं नव्हतं.

एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं दुकान होतं. खिडकीला निळा कागद, आत उदबत्ती, घाम आणि तापलेल्या वायरींचा एकत्र वास. मशीनमध्ये कॅपकॉमचा १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' होता, पण ते नाव दुकानात कुणी कधी उच्चारलं नाही. चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीवाला सगळ्यांत वेगानं धावायचा, त्याच्या नावावरून तो गेम अख्ख्या देशात 'मुस्तफा' झाला. कंपनीनं ठेवलेलं नाव पुसून पोरांनी दुसरं ठेवणं, ही मला अजूनही भारी गोष्ट वाटते. एक रुपयाला एक कॉइन. तो खळ्‌कन आत पडला की गेला, हा आवाजच खऱ्याखऱ्याचा होता. लाइफ संपत आली की आकडे उलटे मोजले जायचे, नऊ, आठ, सात, आणि खिशात दुसरा रुपया नसला तर मागं उभी असलेली मोठी मुलं खांद्यावरून हात घालून कांडी हातात घ्यायची. तुम्ही मरताना त्यांचा खेळ सुरू व्हायचा. मला बॉसला शेवटपर्यंत मारता आलं नाही. मी त्याला मरताना पाहिलं आहे, दुसऱ्याच्या रुपयात.

घरी मात्र वेगळं चालायचं. मामानं मुंबईहून आणलेला टीव्ही गेम, पिवळी कॅसेट, वर छापलेलं '९९९९ इन १' आणि आत फिरून फिरून तेच पाच-सहा गेम. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. त्यानं काही होत नाही असं नंतर वाचलं, पण व्हायचं. मी आणि ताई कॉन्ट्रा खेळायचो. त्यात एक सोय आहे: दोघांपैकी एकाच्या लाइफ संपल्या तर त्याला दुसऱ्याच्या शिलकीतली घेता येते. ताई न विचारता घ्यायची. मी चिडायचो, किंचाळायचो, आई येऊन टीव्हीच बंद करायची. आज त्याच ताईच्या मुलानं न विचारता माझी फाइल उघडली, आणि मी फोन करून तिला सांगितलं तर ती हसत म्हणाली, "लाइफ घेतली असेल तुझी."

तर खऱ्याखऱ्याचं. रिचर्ड गारफिल्ड या गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसानं १९९३ साली 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ आणला. पाकिटं फोडायची, पत्ते जमवायचे, आपला कॅट आपण बांधायचा, हे जे आज जगभर चालतं त्याचा हा मूळपुरुष. त्याच्या पहिल्या नियमांत 'अँटी' नावाचा प्रकार होता. खेळायला बसलेल्या दोघांनी पत्ते पिसायचे, न बघता आपल्या कॅटमधला एक पत्ता बाजूला ठेवायचा, आणि जिंकणाऱ्यानं दोन्ही कायमचे न्यायचे. काही पत्त्यांची करामत तर या पैजेवरच बेतलेली होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो होतो, अरे हे तर आमचंच! पण ते टिकलं नाही. पत्त्यांना बाजारात भाव यायला लागला, जुगाराचा प्रश्नही होता, आणि पैसे देऊन घेतलेला पत्ता एका डावात गमवायला माणसं तयार होईनात. नियम मागे पडला, ते पत्ते स्पर्धांतून बाद झाले. ज्यांनी तो बाद केला त्यांना मी नावं ठेवू शकत नाही. मी तर अनवाणी खाली गेलेला माणूस आहे.

पोकेमॉनच्या पत्त्यांचे खरे नियम मी वयाच्या तिसाव्या वर्षी शिकलो. लहानपणी ते कुणालाच माहीत नव्हते. ज्याचा एचपी जास्त तो जिंकला, एवढंच, त्यामुळे ९९९९ छापणारा तो अज्ञात छापखानेवाला आमचं मन ओळखून होता. खऱ्या खेळात ६० पत्त्यांचा कॅट असतो आणि सुरुवातीला दोघं आपापले सहा पत्ते बक्षिसाचे म्हणून पालथे मांडतात. समोरच्याचा पोकेमॉन पाडलात की एक बक्षीस उचलायचं. कुणाचं? आपलंच. आपल्याच कॅटमधलं, आपणच बाजूला ठेवलेलं. फार हुशार रचना आहे, खेळायला मजा येते, पण मला त्यात एखाद्या लग्नात आपणच दिलेलं पाकीट आहेर म्हणून परत मिळावं तसं वाटत राहतं. आणि आता फोनवर २०२४ च्या ऑक्टोबरपासून आलेलं पोकेमॉनच्या पत्त्यांचं ते ॲप आहेच. बारा तासांनी एक पाकीट फुकट. पडद्यावर बोटानं पाकिटाची कड फाडायची, कागद फाटल्याचा आवाज येतो, बोटाखाली फोन थरथरतो. मी रोज सकाळी दात घासताना एक फाडतो. त्यातला एकही पत्ता मी कुणाशी हरू शकत नाही. वाकत नाहीत, कोपरे पांढरे होत नाहीत, भाचा नेऊ शकत नाही. आणि माझ्याकडे त्यात चारिझार्ड आहे की नाही, हे मला आत्ता लिहिताना उघडून बघावं लागलं. आहे. दोन आहेत.

कोपऱ्यांवरून आठवलं. चारेक वर्षांपूर्वी सावंतवाडीला राजवाड्यात गंजिफा बघितल्या होत्या. दरबार हॉलमध्ये कारागीर मांडीवर पाट घेऊन बसलेले, लाखेच्या रंगाचा वास, आणि हाताशी टिकल्यांसारखे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत, मिळून १२० पानं. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला मरू दिली नाही, हे तिकडं जाणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतंच. मी एक पान तळहातावर घेतलं, मत्स्याचं, आणि सवयीनं अंगठा कोपरा शोधायला गेला. कोपराच नाही! ज्या पत्त्याला दुमडायला कोपराच ठेवला नाही तो खेळायलाच केला असणार. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा असेल त्याची उतारी, रात्री कृष्णाचा असेल त्याची. इतका नेमका नियम, सूर्य बघून उतारी ठरवणारा. आणि माझ्यासमोर एका जोडप्यानं जो संच घेतला, तो फ्रेममध्ये कसा दिसेल, काचेला मागून दिवा लावावा का, यावर त्यांची चर्चा चालली होती. मला तेव्हा त्यांची जरा कीव आली होती. मीही एक संच घेतला. तो कपाटात चारिझार्डच्या शेजारी आहे, डबीसकट, न खेळलेला.

पोकेमॉनच्या पत्त्यांच्या या धंद्याची मुळंही जुगारातच रुतलेली आहेत. पोर्तुगीज सोळाव्या शतकात पत्ते घेऊन जपानला पोचले. पत्त्यांना जपानीत 'करुता' म्हणतात तो त्यांचाच शब्द. सरकारनं जुगार मोडायला पत्त्यांवर बंदी घालायची आणि लोकांनी चित्रं बदलून नवा कॅट काढायचा, असं करत करत १२ महिन्यांची १२ फुलं असलेला ४८ पानांचा हानाफुदा तयार झाला. १८८९ साली क्योटोत फुसाजिरो यामाउची यांनी हेच पत्ते बनवायचं दुकान काढलं. त्या दुकानाचं नाव निंटेंडो. मारिओ, पोकेमॉन वगैरे पुढचं. आणि पोकेमॉनमधला सर्वांत महागडा म्हणून गाजलेला 'पिकाचू इलस्ट्रेटर' पत्ता १९९७-९८ मध्ये जपानमधल्या एका मासिकानं चित्र काढायच्या स्पर्धांत बक्षीस म्हणून दिला होता. पाकिटात तो कधी नव्हताच, चित्र काढून जिंकावा लागायचा. २०२२ साली एका यूट्यूबरनं तसा एक पत्ता ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजून घेतल्याचं जाहीर झालं, आणि तो प्लॅस्टिकच्या चौकटीत घालून, सोनसाखळी लावून, गळ्यात अडकवून तो कुस्तीच्या रिंगणात आला. तो व्हिडिओ मी पाच-सहा वेळा पाहिला असेल. हसायलाच पाहिला असं म्हणवत नाही.

भाचा जूनमध्ये परत गेला. गणपतीत मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून दहा रुपयांची चार पाकिटं घेतली. दुकानदारानं "मुलाला का?" विचारलं, मी हो म्हणालो. रात्री जेवणं झाल्यावर हॉलच्या फरशीवर सराव केला. तळवा किती खोल करायचा ते आठवेना, सपाट बसायचा, आवाज मोठा आणि पत्ता जागच्या जागी. अकराव्या की बाराव्या फटक्याला एक उलटला. बायको दारात उभी होती, काही बोलली नाही, दिवा मालवून गेली. हात दोन दिवस लाल होता.

रविवारी खाली गेलो. चप्पल घालून. पोरगा पायरीवरच होता. मी खिशातून पत्ते काढले, त्यानं माझ्याकडे न बघता आधी पत्त्यांकडे पाहिलं. कडांवरून अंगठा फिरवला, दोन बाजूला काढले, "हे लय जाड हायत," म्हणाला. मग विचारलं, "खऱ्याखऱ्याचं का?"

"खऱ्याखऱ्याचं."

"त्यो नाय आणला?"

चारिझार्ड वर होता. फाइलमध्ये, नवव्या पानावर, मधल्या कप्प्यात, नव्या स्लीव्हमध्ये. मी नाही म्हणालो. त्याला त्यात नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यानं माझे पत्ते पायरीवर पालथे रचले, वर आपला सोनेरी पिकाचू ठेवला, हातावर फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, पाय मागं घ्या. सावली पडती."